तेला-पाण्याची सोयरीक

वालूरच्या मनकर्णाबाई माझ्या शेजारीण. त्यांनी जुळवलेलं एकही लग्न आजवर मोडलं नाही आणि घाण्यावरून आणलेल्या त्यांच्या करडईच्या तेलात कधी दुसरा थेंब पडला नाही. भेसळ हा शब्द त्या शिवीसारखा उच्चारतात.

कापूस वेचून बायकांची बोटं फाटतात, म्हणून त्यांची सून राजनंदिनी हिने त्या तेलाचं क्रीम करायचं ठरवलं. ती परभणीत फार्मसी शिकलेली. सगळं मोजून ठेवून ती सेलूला कामावर गेली, शिजवायचं सासूबाईंकडे. त्यांनी वेचणीच्या बायकांना सांगूनही टाकलं, "उद्याच्या बाजारात आणते. माझा शब्द हाय."

बाजाराच्या सकाळी डब्या उघडल्या. वर तेल, खाली पाणी.

"आत्या, मी पुडीत ठेवलेलं ते पांढरं मेण घातलं होतं ना?" राजनंदिनीनं सासूबाईंना विचारलं.

"न्हाई घातलं. तेल हाय, गुलाबपाणी हाय. मधी मेण कशाला? लोकाला भेसळ विकू का मी?"

राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. मग तिला हसू आलं. "तात्यारावांची पोरगी बोरीला कुणी दिली?"

"मीच. दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. दोन्हीकडं चहा पिऊन मधी बसले."

"तसंच हे मेण. मेणबत्तीचं न्हाई, क्रीमसाठीचं खास. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला. तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसून राहतं, म्हणून ते गोळा होऊन वर येत न्हाईत. तुमी मध्यस्थालाच घराबाहेर ठेवलं!"

"आणि शांपूनं केसातलं तेल निघतं, ते कसं?" मी कुंपणावरून विचारलं.

"तिथंबी असाच मध्यस्थ, गुरुजी. पण तो केसातल्या तेलाला धरून पाण्यासंगं निघून जातो."

"म्हंजे पळवून नेणारा!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

डब्या पुन्हा पातेल्यात रिकाम्या झाल्या. पातेलं गरम पाण्यात ठेवलं, मेण विरघळलं, रवी फिरू लागली. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं, तशी मीच म्हणालो, "झालं की!"

"थांबा गुरुजी, गार होईपर्यंत घुसळावं लागतं," राजनंदिनी म्हणाली.

"ते मला नको सांगू. जेवणं उरकल्याबिगर मी कोणत्या सोयरिकीतून उठले?" रवी काही थांबली नाही.

दुपारी बाजारात क्रीम घट्ट, मऊ, एकजीव होतं. एका बाईनं बोटावर घेऊन विचारलं, "ह्यात काय काय हाय, मावशी?"

"तेल, गुलाबपाणी, आन् मेण."

"मेण कशाला?"

"बस खाली," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तात्यारावाच्या पोरीपासून सांगते."