एनिडची चोवीस व्होल्टची गाडी

एनिड मेटकाफनं सैन्याच्या लिलावातून जुनी ॲम्ब्युलन्स घेतली, तेव्हा तिचं वय एकोणसत्तर होतं. यॉर्कशायरमधल्या तिच्या गावानं कपाळावर हात मारला. बहीण तर म्हणाली, "या वयात बायका गुलाब लावतात, तू भंगार आणलंस!"

पण विशीत एनिड सैन्यात ड्रायव्हर होती. जर्मनीतल्या छावणीत तीन हिवाळे तिनं अशीच गाडी चालवली होती. मागचं दार उघडलं आणि ओल्या कॅनव्हासचा, जंतुनाशकाचा वास नाकात शिरला, तशी ती तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ उठलीच नाही.

गंज तिनं स्वतः खरवडला, हिरवा रंग चढवला. विजेपुढे मात्र हात टेकले. इंडिकेटर दिला की हेडलाइटच डोळे मिचकावायचे. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक आठवड्यात बसायची, आणि दरवेळी तीच.

शेवटी तिनं वॉल्टर ऑल्डरॉइडला बोलावलं. बस डेपोत पस्तीस वर्षं विजेची कामं केलेला, विधुर, तोंडानं फटकळ.

"पोरी, ही वायरिंग आहे की कावळ्याचं घरटं?"

"सत्तरीला आलेली बाई पोर होय रे?"

"मी अठ्ठ्याहत्तरचा. मला सगळ्या पोरीच." त्यानं डॅशबोर्डखाली मान घातली. "सगळं उपटून बारा व्होल्टचं करू. बल्ब कुठंही मिळतील."

"ही चोवीसची आहे, चोवीसचीच राहील."

"हट्टी आहेस."

"चहा टाकू, की घरी जातोस?"

चहा झाला आणि काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वॉल्टरनं एक बारीक वायर ओढून काढली. मधल्या कुण्या मालकानं बारा व्होल्टचा रेडिओ एकाच बॅटरीवर जोडला होता. "एक घोडा राबतोय, दुसरा चरतोय. बसणार नाही तर काय!"

मग तो गाडीखाली शिरला. खालून आवाज आला, "अर्थिंगच्या वायरी सांगाड्याला जोडल्यात, त्या चारही ठिकाणी रंग कुणी फासला? लोखंडाला लोखंड लागायला नको?"

एनिड रंगाचा डबा पायानं मागं सरकवू लागली.

"तूच ना?"

"छान दिसत होतं रे..."

वॉल्टर गाडीखालीच हसत सुटला. एनिडही हसली आणि पॉलिश पेपर घेऊन त्याच्याशेजारी आडवी झाली. चारही ठिकाणं दोघांनी लखलखीत घासली. मग इंडिकेटर दिला, तर हेडलाइटनी डोळे मिचकावले नाहीत.

दारं लावून घेऊन त्यांनी आतला दिवा लावला. स्ट्रेचरवर मंद पिवळा उजेड पसरला.

"याच उजेडात एका शिपायाच्या बायकोचं बाळंतपण झालं," एनिड म्हणाली. "बाहेर कमरेएवढं बर्फ. सुईण ओरडत होती, गाडी हलवू नकोस! मी नुसती स्टिअरिंग धरून बसले होते. मग रडणं ऐकू आलं. मुलगी होती."

वॉल्टर दिव्याकडे बघत होता. "माझ्या बायकोला, डोरीनला, शेवटचं ॲम्ब्युलन्समधून नेलं तेव्हा मी तिच्याजवळ होतो. त्या गाडीतला उजेड इतका पांढरा, की तिनं डोळेच मिटून घेतले. असा असता तर दोन शब्द बोललो असतो."

एनिडनं त्याच्या हातावर हात ठेवला. दिवा त्यांनी बराच वेळ तसाच राहू दिला.

जुलैत दोघं जुन्या सैनिकी गाड्यांच्या मेळाव्याला गेले. चढावर वॉल्टर गिअरवरून कुरकुरत होता, एनिड त्याला गप्प बसवत होती. मैदानात कुणीतरी विचारलं, "गाडी कुणाची?"

"आमची," वॉल्टर म्हणाला. एनिडनं त्याच्याकडे पाहिलं, पण खोडून काढलं नाही.