रुखमाबाईला आलेली फ्रान्सची शिसारी

शहाद्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. एवढ्या काळात माझ्या हातून एकच काम पुरतं झालं होतं. लोणखेड्याच्या रुखमाबाईची ओसरी मी खराब करून ठेवली होती.

गेलो होतो भाड्याची खोली बघायला. दार उघडं होतं. बाहेर चैत्राचं ऊन, आत अंधार, त्यामुळे डोळ्यांना काही दिसेना. पायांत धुळ्याहून घेतलेले नवे बूट होते आणि ते लोकांना वाजवून दाखवावेत असं माझं वय होतं. चार पावलं तोऱ्यात टाकली आणि पायाखाली काहीतरी थंड, मऊ लागलं. नुकतंच सारवलेलं शेण होतं ते. दचकून मागं फिरलो, म्हणजे आणखी चार पावलं. मग निस्तरावं म्हणून खाली वाकून तळहातानं ठसे पुसायला गेलो, तो घसरून बसलोच. बसल्याचा ठसा बुटांच्या ठशांपेक्षा बराच मोठा उमटला.

आतून रुखमाबाई आली. बुटकी, आडव्या हाडाची, हनुवटीवर तीन टिपक्यांचं गोंदण, आणि कोपरापर्यंत हात शेणात. पन्नाशीच्या पुढची असावी. तिनं आधी जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा जमिनीकडे. मी तिला जमिनीपेक्षा कमी महत्त्वाचा वाटलो हे उघड होतं.

"मास्तर, तुम्हना पायले डोया नही का?"

"मावशी, मी..."

"आते बठा तठेच. सुकी तवलोंग हालू नका. उठशात तं आखो एक खड्डा पाडशात."

म्हणून मी बसून राहिलो, शेणात, नव्या बुटांसकट. खोली तर हवीच होती. शहाद्यात दुसरी मिळत नव्हती. मग बाईला खूश करावं म्हणून मी म्हटलं, "मावशी, तुम्ही म्हणे फ्रान्स देशाला जाऊन आलात. केवढा स्वच्छ, टापटिपीचा मुलूख असेल तो."

रुखमाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. तिच्या तोंडाची चव अशी काही गेली, की जणू भाकरीतला खडा दाताखाली आला. "सोच्छ?" ती म्हणाली, आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून आली.

त्या एका शब्दापायी मला सगळी हकीकत ऐकायला मिळाली.

रुखमाबाई तरुणपणीच विधवा झाली होती. भाऊ चुडामण लोणखेड्यात शेती बघत असे आणि ती तळोद्याला मामेबहिणीकडे राहून एका म्हशीवर गुजराण करी. म्हशीचं दूध जंगलखात्याच्या हार्टनसाहेबाच्या बंगल्यावर जाई. दुधाबरोबर ती स्वतःही हळूहळू बंगल्यात मुरली, कारण साहेबाची तीन वर्षांची पोर, पेगी, हिच्याच हातानं जेवे. दुसऱ्या कुणी घास धरला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटे.

मग साहेब हिवतापानं खंगला आणि त्यानं पेन्शन घेतली. विलायतेत महागाई फार आणि थंडी त्याहून फार. फ्रान्सच्या दक्षिणेला मात्र तेवढ्याच पेन्शनीत ऐसपैस राहता येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मडम रुखमाबाईच्या हातापाया पडली नाही, एवढंच. तिच्या त्या हिंदीत ती म्हणाली, "आया, उधर घर पक्का होने से तुम वापस जाएगा. टिकट हम देगा."

रुखमाबाईनं हिशोब मांडला तो म्हशीचा. म्हैस गाभण होती, फाल्गुनात व्यायची होती. ते जनावर असं नाठाळ, की रुखमाबाईशिवाय कुणालाही आचळाला हात लावू देत नसे. चुडामणला तिनं दोनदा लाथ घालून पाडलं होतं. चुडामणनं सरळ सांगितलं, "आक्का, तू फागुनमा उनी नही तं मी तिले बजारमा उभी करसू." म्हणजे भादव्यात निघायचं, साहेबाचं घर लावून द्यायचं आणि म्हैस व्यायच्या आत परत यायचं. घर लावायला वेळ तो किती लागतो? चूल मांडली, उतरंड रचली की घर लागलं.

नंदुरबारला गाडीत बसली, मुंबईला बोटीत बसली आणि बारा-पंधरा दिवस ओकत ओकत ती त्या देशात उतरली. तिथून रेल्वेनं एका खेड्यात. खेड्याचं नाव तिला शेवटपर्यंत घेता आलं नाही. "तोंडमा गरम बटाटा ठेयीसन बोला, मंग ते नाव येस," असं तिनं मला सांगितलं.

घर एका म्हाताऱ्या विधवेचं होतं. दगडी भिंती, कौलं, आणि स्वैपाकघराची जमीन मातीची. म्हातारी शेजारच्याच घरात गाई आणि बदकांहून मोठे हंस बाळगून होती. आणि इथून घर लागायचं ते लागेना.

कारण त्या देशात घर लावायचं म्हणजे आधी कागद. परक्या माणसाला गावकचेरीतून ओळखीचं कार्ड लागे. कार्डाला भाडेचिठ्ठी लागे. भाडेचिठ्ठीवर म्हातारीची सही लागे. आणि म्हातारी म्हणे, आधी ही माणसं घर कसं ठेवतात ते दोन-तीन महिने बघते, मग सही. कार्डाला फोटो लागे तो वेगळाच. फोटोत कान दिसले पाहिजेत, म्हणून कारकुनानं मडमला टोपी आणि रुखमाबाईला पदर काढायला सांगितलं. मडम म्हणाली, टोपीशिवाय मला माझ्या नवऱ्यानंसुद्धा फारसं पाहिलेलं नाही. रुखमाबाई पदर दातांत धरून उभी राहिली. त्या दिवशी मालकीण आणि आया पहिल्यांदा एका बाजूला आल्या.

एरवी दोघींच्या शिसारीची गावं वेगळी होती. मडमला चहाची शिसारी: तिथलं माणूस चहा औषधासारखा उकळी आणि ताप आला तरच पिई. दुधाच्या बादलीत गाईचे केस निघत. खाटकाच्या दारात टांगलेलं सोलीव डुकराचं डोकं पेगीकडे बघून हसे.

रुखमाबाईची शिसारी पावाकडून सुरू झाली. हातभर लांब पाव. पाववाला तो उघडाच देई आणि गिऱ्हाईक तो काखेत धरून घरी नेई, वाटेत शेंबूड पुसे, कुत्र्याला कुरवाळी, आणि तोच पाव ताटाशिवाय मेजावर आपटे. "काखमानी भाकर कोन खाई, मास्तर?" मी म्हटलं, कोणी नाही. "त्या बठ्ठा खातस."

परसात एक लाकडी खोपटं होतं. आत फळी, फळीला शेजारी शेजारी दोन भोकं, म्हणजे गप्पा मारायची सोय. खिळ्याला जुनी वर्तमानपत्रं अडकवलेली. पाण्याचा थेंब नाही. रुखमाबाई पहिल्या दिवशी तांब्या घेऊन गेली, तर शेजारची बाई कुंपणावरून बघत राहिली, ही झाडांना पाणी घालायला खोपटात का जाते म्हणून.

धुणं गावाच्या कुंडावर. पाणी एका बाजूनं हळूच येई, दुसऱ्या बाजूनं त्याहून हळू जाई. त्यात खोकल्यानं पडलेल्या म्हाताऱ्याची चादर, त्यातच तान्ह्याची लंगोटी, त्यातच कोशिंबिरीचा पाला. रुखमाबाई विहिरीचं पाणी ओढून परसात धुऊ लागली. बायका हसल्या. अंघोळही ती तिथंच करी, लुगड्यानिशी, हिवात. मडम घरात टिनाच्या टबात बसून आपल्याच मळात भिजे. ती किळस जुनी होती, तळोद्यातली, तिची सवय झाली होती.

ज्वारीचं पीठ सरलं तेव्हा म्हातारीकडे मका दिसला. मक्याची भाकरी डोंगरातले लोक खातात, आपणही खाऊ, म्हणून तिनं दोन ओंजळी मागून घेतल्या, भरडल्या, आणि तव्यावर थापल्या. पहिला घास घेतला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. म्हातारी ओट्यावर बसली होती. दोन गुडघ्यांत एक हंस आवळलेला, त्याची मान ताणलेली, घशात पत्र्याचं नळकांडं, आणि म्हातारी, त्याची कलेजी खायला फुगावी म्हणून, काठीनं तोच मका त्याच्या पोटात ठासत होती. हंसाचे डोळे पांढरे झाले होते. रुखमाबाईचा घास घशातच राहिला. आपल्याला कुणी ठासत नसतानाही.

आणि गोगलगायी. पाऊस पडून गेला की म्हातारी परडी घेऊन निघे आणि कुंपणाकुंपणानं त्या वेचून आणी. भाजीचा पाला वाचवते बिचारी, असं रुखमाबाईला वाटलं. म्हातारी त्यांना मारत नाही, पिंपात झाकून ठेवते, याचंही तिला कौतुक वाटलं. जिवाला जपणारी बाई आहे, असं ती मडमला म्हणालीसुद्धा. आठवड्यानं पिंप उघडलं, आणि गोगलगायी लसणाबरोबर पातेल्यात गेल्या. म्हातारीनं शेजारधर्म म्हणून वाटीभर आणून दिल्या. टाचणीनं एक ओढून खाऊनही दाखवली. रुखमाबाई दोन दिवस जेवली नाही. मडमही.

असा मार्गशीर्ष संपला, पौष लागला. सही नाही, म्हणून कार्ड नाही, म्हणून घर पक्कं नाही, म्हणून तिकीट नाही. आणि इकडे म्हशीचं पोट वाढत असणार.

त्यात मडमनं घोटाळा केला. स्वैपाकघराच्या मातीच्या जमिनीत जंतू आहेत, असं तिच्या मनानं घेतलं. एका संध्याकाळी तिनं औषधाच्या पाण्याच्या सहा बादल्या त्या जमिनीवर ओतल्या आणि खराट्यानं घासलं. सकाळी पेगी दारातून आत आली ती घोट्यापर्यंत रुतली. म्हातारीनं ते बघितलं, हात कमरेवर ठेवले, आणि साहेबाला जे सांगितलं ते रुखमाबाईला भाषा येत नसूनही कळलं: यांना जमीन राखता येत नाही, उद्या किल्ली परत.

साहेब पाइप पेटवून बसला. मडम रडली. रुखमाबाईच्या डोळ्यांपुढे मात्र बाजारात दाव्याला उभी असलेली म्हैस आली.

तांबडं फुटायला ती पाटी घेऊन म्हातारीच्या गोठ्यात गेली. शेण भरलं. चिखल उपसून बाहेर टाकला, कोरडी माती भरली, चोपणं नव्हतं म्हणून साहेबाच्या बुटाच्या साच्यानं ठोकली. शेणात माती आणि भुसा कालवला आणि भिंतीकडून दाराकडे सारवत आली, हाताच्या पंज्याच्या कमानी उमटवत, एकीला लागून एक. मडम उठून आली आणि दारातच थिजली. तिनं नाकाला रुमाल लावला, पेगीला उचललं आणि बागेत सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन बसली. "मेरा किचन में गोबर," एवढंच ती म्हणत राहिली. साहेबानं पाइपाचा धूर जरा मोठा सोडला.

एवढ्यात म्हातारी किल्ली घ्यायला आली. उंबऱ्याशी थांबली. वास घेतला. मग तिनं पायातले लाकडी जोडे काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि लोकरी मोज्यांनी कडेकडेनं, अजून सारवायच्या राहिलेल्या पट्टीवरून आत आली. उकिडवी बसली. अंगठ्यानं जमीन दाबून बघितली. कमानींवरून बोट फिरवलं. मग रुखमाबाईचा शेणानं माखलेला हात धरून तिला घराच्या मागं नेलं. तिथं मळणीचं खळं होतं, शेणामातीनं सारवलेलं. हात म्हातारीचा होता, पण कमानी त्याच.

मग म्हातारीनं आत येऊन खिडकीच्या चौकटीवर भाडेचिठ्ठीचा कागद ठेवला आणि सही केली. साहेबानं केली. मडमनं रुमाल न काढता केली. सहीवर शेणाचा अंगठा कुणाचा उमटला, ते गावकचेरीतल्या कारकुनानं विचारलं नाही.

कार्ड आलं, तिकीट निघालं. जाताना म्हातारीनं रुखमाबाईला एक बरणी दिली. रुखमाबाईनं आत काय आहे हे न बघता ती समुद्रात टाकली. पेगी तोवर म्हातारीच्या हातचं सूप प्यायला लागली होती. हे सांगताना रुखमाबाईनं लुगड्याच्या टोकानं नाक पुसलं.

होळीच्या आधी आठ दिवस ती लोणखेड्याला पोचली. म्हैस दाव्याला होती, पोट जमिनीला टेकलेलं. रुखमाबाई धावत गोठ्यात गेली. म्हशीनं तिचा हात हुंगला, मान फिरवली आणि लाथ झाडली.

"बोटना साबनना वास," रुखमाबाई मला म्हणाली. "तिलेबी शिसारी उनी. मंग मी शेनमा हात भरात, तवय तिनी मले वयखं."

माझ्याखालचं सारवण एव्हाना सुकलं होतं. मी जपून उठलो. ठसा खोल होता. मी बूट हातात घेतले, उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून, आणि खोलीचा विषय काढायला धीर हवा म्हणून हसून विचारलं, "मावशी, काही म्हणा, त्या गोगलगायी खाणाऱ्या म्हातारीपेक्षा तरी मी बरा भाडेकरू ठरेन की नाही?"

तिनं पाटी उचलली, माझ्या ठशापाशी उकिडवी बसली आणि वर न बघता म्हणाली,

"ती जोडा बाहेर काढीसन उनी व्हती."