आबांपासून लपवलेल्या वड्या

आम्ही साबण करायला लागलो त्याला आता तीन वर्षं होतील. केलेले साबण लोक घेऊन गेले, कुणी वापरले, कुणी नुसते शोकेसमध्ये मांडून ठेवले. किस्से मात्र सगळे माझ्याच घरी पडून आहेत. कुणी पाहुणा आला की ज्योतीताई म्हणणारच, "अगं, तो चहाचा सांग ना!" मग मी सांगते. सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू का? घडत होतं तेव्हा यातल्या एकाही वेळी मी हसले नव्हते. प्रत्येक वेळी माझी पार तंतरली होती!

आम्ही म्हणजे तिघी. जागा जळगावातल्या एका कॉलनीतलं माझं स्वयंपाकघर. मी, शेजारच्या ज्योतीताई, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई, आणि मंगला. मंगला जामनेरची, आणि तिला आयुष्यात कशाची म्हणून भीती वाटत नाही. काम तसं सोपं. तयार सोप बेस मिळतो. त्याचे तुकडे करायचे, गरम पाण्यावर वितळवायचे, रंग आणि सुगंध घालायचा, साच्यात ओतायचं. तासाभरात गुलाब म्हणा, शंख म्हणा, हवं ते तयार.

आणि घरात आमचे आबा. माझे सासरे. धुळ्याकडच्या खेड्यात सगळं आयुष्य गेलं, बोलणं अजून अहिराणीच, आता आमच्याकडे असतात. दोन वर्षांपासून विसरायला लागलेत. आधी माझं नाव विसरले, मग मी त्यांची कोण हेही विसरले. विसरले नाहीत ते एकच, गोड! त्यात त्यांना शुगर. मिठाईसारखं काही दिसलं की हात पुढे जातो. त्या हाताची मला दिवसभर धास्ती असते.

*

पहिला किस्सा आगीचा. साबण ओतला की वर बुडबुडे येतात. ते घालवायला स्पिरिटचा फवारा मारतात, एवढं आम्ही व्हिडिओत बघितलं होतं. फवारा कुठे उभं राहून मारायचा, ते बघितलं नव्हतं.

मंगलाने साचा ओट्यावर ठेवला. शेजारी गॅस चालू. तिने बाटली उचलली आणि फुस्स केलं. साच्यातल्या आठही गुलाबांवर निळी ज्योत नाचायला लागली. मी किंचाळले. ज्योतीताईंनी ओला टॉवेल टाकला म्हणून निभावलं.

दारात आबा उभे. त्यांनी शांतपणे दोन्ही हात जोडले, मग प्रसादासाठी हात पुढे करून विचारलं, "आरती व्हयनी का? परसाद कथा शे?"

*

दुसरा चहाचा. नणंदेचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई, धुळ्याहून अचानक आले. मी गडबडीत पातेलं घेतलं आणि चहा टाकला. उकळी आली तसा फेस वर आला. मी गॅस बारीक केला, फेस वरच! ओतताना मोगऱ्याचा वास आला आणि मला लख्ख आठवलं, सकाळी याच पातेल्यात बेस वितळवला होता. नुसतं विसळून ठेवलं होतं.

मी दुसरा चहा टाकायला वळले, तोवर ज्योतीताई ट्रे घेऊन बाहेर गेल्यासुद्धा!

मी दाराआडून बघत राहिले. जावईबापूंनी एक घोट घेतला. थांबले. सासरवाडीचा चहा नको कसा म्हणायचा? एक एक घोट करत त्यांनी कप रिकामा केला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. माणसाला काही झालं तर नणंदेला तोंड कसं दाखवू?

जाताना ते एवढंच म्हणाले, "वहिनी, चहा एकदम स्वच्छ होता!"

*

एकदा आम्ही प्रदर्शनात स्टॉल लावला. जळगावात वेगळं काय ठेवायचं? मंगलाने केळीचा साचा मागवला. पिवळी केळी, कडेला तपकिरी ठिपके, वास केळीचा. फण्याच्या फण्या मांडल्या. इतक्या हुबेहूब की मलाच सोलाव्याशा वाटल्या.

मुक्ताईनगरकडचे एक आजोबा आले. पांढरी टोपी, हाताला केळीच्या चिकाचे डाग. त्यांनी एक केळं उचललं, वजन बघितलं, देठ बघितलं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. मी एकटक बघत होते, कारण एवढ्या जवळ नेलेली वस्तू माणूस पुढे कुठे नेतो ते मला घरी रोज दिसतं.

"नाना, ते साबण आहे हं! खायचं नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "ते समजलं मले. पन बाई, याच्यावर करपा पडेल आहे. फवारनी केली नाही का?"

मंगलाच्या कलाकुसरीचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. पुढच्या खेपेला तिने ठिपके काढून टाकले.

*

गणपतीच्या दिवसांत एका बाईंनी आमच्याकडून साबणाचे छोटे गणपती करवून नेले. भेट म्हणून द्यायला. आठ दिवसांत पाचजणींचे फोन! हा अंगाला लावायचा कसा? पाय कसे घासायचे याने? एकीने देव्हाऱ्यात ठेवला, तिथे पावसाळी हवेने त्याला दव सुटलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, देवाला घाम फुटला, घरावर काहीतरी येणार! ती रडतच माझ्याकडे आली, मूर्ती ताटात झाकून.

बेसमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. पण तिसऱ्यांदा सांगताना मलाच ते खरं वाटेना. आपल्या हातून काय होऊन बसलं, असं झालं मला.

शेवटी मंगलाने बादली भरली. आम्ही रीतसर आरती केली, विसर्जन केलं. ज्योतीताईंना वाटलं आता मूर्ती सावकाश विरघळेल. मंगलाने पाणी जरा ढवळलं मात्र, बादलीभर फेस! आता ते पाणी टाकायचं कुठे? तुळशीला घातलं तर तुळस जळणार, मोरीत ओतायला कुणाची छाती होईना. मंगलासुद्धा मागे सरली. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोन दिवस बादली गच्चीवर होती. तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस आला आणि बादली उलटली. आम्ही तिघींनी खालूनच हात जोडले.

*

मग ते झालं, ज्याची मला भीती होती. आबांनी टेबलावरचा गुलाबी गुलाब उचलला आणि चाटला. मी धावत जाऊन हातातून ओढला, तोंड धुवायला लावलं आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टर म्हणाले, "चाटल्याने काही होत नाही. पण तुकडा गिळला, उलटी झाली आणि फेस श्वासात गेला, तर या वयात जड जाईल. यांच्यापासून लांब ठेवा."

रिक्षात मी आबांचा हात घट्ट धरून बसले होते. ते म्हणाले, "गुलकंद चांगला व्हता."

त्या दिवसापासून माझ्या घरी नियम झाला. साबण कुलपात. आणि खाण्याच्या वस्तूचा आकार कधीच करायचा नाही. कितीही कुणी सांगू दे!

*

नियम मोडला तो मीच. नणंदेच्या मुलीची हळद होती. नणंद म्हणाली, "वहिनी, बायकांना द्यायला नारळाच्या वड्या करून दे ना साबणाच्या. एवढ्या एकदाच!" त्या चहापासून तिला नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

मी केल्या. पांढऱ्या, गुलाबी, वरून खरबरीत. सकाळपासून ओट्याशी उभी होते. आबा दारातल्या खुर्चीवर बसून बघत होते. मी दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होते. चोवीस वड्या ताटात मांडल्या, बेल वाजली, कुरियरवाला होता. सही करायला किती वेळ लागतो? तेवढाच गेला.

आत आले तर ताटात तेवीस.

खुर्ची रिकामी.

आबा त्यांच्या खोलीत पलंगावर बसलेले, तोंड घट्ट मिटलेलं. "आबा, तोंड उघडा!" मी ओरडले. त्यांनी मान हलवली. मी गाल धरले, ओठांवर फेस शोधला, बोट घालायला गेले. हाताला नारळाचा वास येत होता, त्यांच्या की माझ्या तेच कळेना. मला रडू फुटलं. "आबा, गिळली का हो? सांगा ना! मी काय करू आता?"

मी रडतेय म्हटल्यावर त्यांनी तोंड उघडलं. तोंड रिकामं होतं.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालात वडी. अख्खी. चारही कोपरे शाबूत.

"कोनले सांगू नको," आबा हळूच म्हणाले. "मनी सूनसाठे ठेयेल शे. ती सकायपाइन वड्या करस, बठ्ठास्ले देस, सोता एक बी खास नही."

सगळ्यांना देऊन स्वतः न खाणारी ती सून म्हणजे मीच, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी डोळे पुसले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वडी माझ्यापुढे धरली. "तू रडू नको, माय. तूच खाय. तिले मी दुसरी दिसू."

सुनेला ते दुसरी देणार होते. मी हात पुढे केला. ते वडी सोडेनात. त्यांना भरवायचीच होती.

मी एक घास घेतला.

"गोड शे का?" आबांनी विचारलं.

"गोड शे, आबा."