परब आणि कातळावरचा माणूस

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भांडुपचा आजवरचा सर्वांत भित्रा माणूस हा मान कैलासवासी परबांकडेच आहे आणि यापुढेही राहील. इतर उमेदवारांनी अर्ज करून वेळ वाया घालवू नये.

परब बसण्याआधी जागा चाचपत. ऑफिसची खुर्ची असो, लग्नातली सतरंजी असो, आधी वाकून खाली बघायचं, मग तळहात फिरवायचा, मग टेकायचं. विंचू असतो म्हणे. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. ते हेड ड्राफ्ट्समन, मी त्यांच्या आराखड्यांच्या नकला काढणारी ट्रेसर. तिसऱ्या मजल्यावर विंचू कसा येणार, असं मी एकदा विचारलं. "जिन्याने," ते म्हणाले.

कुत्रा, पाल, लिफ्ट, साहेबांची बेल, शेजाऱ्यांचा कुकर, सगळ्यांना ते सारखीच वागणूक देत. पण पेन्सिल हातात आली की रेघ कधी थरथरली नाही. मी नवीन असताना हात कापायचा, तेव्हा म्हणाले होते, "आधी नीट घाबरून घे गो. अर्धवट घाबरलं की हात कापतो. एकदा पुरतं घाबरून झालं, की हात मोकळे."

तर ऑफिसची सहल भांडुपच्या मागच्या टेकडीवर गेली. तेव्हा तिकडे झाडी होती, पाडे होते आणि टेकडी कुरतडत वर सरकणारी दगडाची खदान होती. सगळे सपाट कातळावर पत्ते कुटायला बसले. परब सवयीने कातळ चाचपू लागले आणि बसलेच नाहीत. त्यांच्या बोटांना एक खाच लागली होती. खाचेमागे बोट फिरवत ते गुडघ्यांवर रांगत राहिले. ऊन उतरून तिरकं झालं, तशी ती खाच आम्हालाही दिसली. पाय फाकवून आडवा पडलेला, आमच्या साहेबांच्या दुप्पट उंचीचा, कातळात कोरलेला माणूस. त्याला हात नव्हते आणि शेजारी एक मासा होता. सगळ्यांनी पत्ते गोळा केले आणि गुपचूप दुसरीकडे जाऊन बसले.

"आमच्या गावच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, असाच एक आहे," परब म्हणाले. "पांडवांनी काढला म्हणतात. मला विचारशील तर त्यांच्याही आधीचा. लोखंड ठाऊक नसलेल्या कुणीतरी दगडाने दगड टोचून काढलाय."

त्या माणसाच्या डोक्यापाशीच खदानवाल्यांनी लाल रंगाचे ठिपके दिले होते. सुरुंगाच्या भोकांसाठी. परबांचा चेहरा उतरला. "हा जाणार गो. निदान कागदावर तरी घेऊया."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. लोक काय म्हणतील, याची भीती होतीच, म्हणून सोबत परबवहिनी. परबांच्या पिशवीत टेप, खिळे, दोरा आणि आलेख-कागद. शिवाय चढण चढताना गरगरतं म्हणून चोखायला लिंबं आणि बिबट्याच्या डोळ्यांत मारायला लाल तिखटाची पुडी.

"वाघ काय डोळे उघडे धरून उबो रवतलो?" वहिनींनी विचारलं.

कातळावर खिळे ठोकून आम्ही दोऱ्याच्या चौकटी पाडल्या. पण डोक्यावरच्या उन्हात खाचा दिसेनात. तेव्हा वहिनींनी पिशवीतून रांगोळी काढली आणि दारात काढावी तितक्या सहज साऱ्या खाचा भरल्या. काळ्या कातळावर पांढराशुभ्र माणूस उठून आला. परब एकेक चौकट कागदावर उतरवू लागले.

रविवारी खदान बंद असते, अशी आमची समजूत. अचानक शिट्ट्या वाजल्या, लाल झेंडा हलला आणि कुणीतरी ओरडलं, "भागो! सुरुंग!" आम्ही सगळं टाकून पळालो. एका धोंड्याआड तिघंही एकमेकांना घट्ट धरून बसलो. जमीन हादरली, मग वरून खडे पडू लागले. वहिनींनी पदर तिघांच्या डोक्यांवर धरला होता. त्याचा काय उपयोग होणार होता, कोण जाणे, पण बरं वाटलं. धूर निवळायच्या आत आम्ही टेकडी उतरलो. परबांच्या हातात फक्त कागद होता, अर्धवट.

पुढच्या रविवारी पुन्हा वर गेलो, तर कामगार लांब घोळका करून उभे. त्यांचा मुकादम, दाराएवढा माणूस, आडवा आला. "काका, पुढे जाऊ नका. कुणीतरी करणी केलीय. पांढरा मुडदा काढलाय, खिळे ठोकलेत, दोरा, चिरलेली लिंबं, लाल तिखट, सगळं आहे. पोरं भोकं पाडायला तयार नाहीत. हे कोकणातल्याच कुणाचं तरी काम. तुम्ही कुठले?"

"आम्ही नाशिकचे," वहिनी चटकन म्हणाल्या.

"संध्याकाळी मांत्रिक येतोय. त्याने उतरवलं की लगेच उडवणार."

मी परबांकडे पाहिलं. ते रांगोळीपेक्षा पांढरे पडले होते. "अहो, ते आपलंच आहे," मी कुजबुजले.

"ठाऊक आहे गो. पण आता इतकी माणसं त्याला घाबरलीत. एवढी भीती एका जागी साठली, की ती कुणाची म्हणून राहत नाही."

पुढचं आधीच सांगून टाकते. मांत्रिक आला, कातळ गेला. आता तिथे नुसता खड्डा आहे, पावसात भरतो. परबही गेले, झोपेत. तेवढी एकच गोष्ट अशी, जिला घाबरायला त्यांना वेळ मिळाला नाही. त्यांनी उतरवलेला तो माणूस माझ्या भिंतीवर आहे, पुरा, माशासकट. घरी आलेली पोरं त्याच्याखाली झोपायला नाही म्हणतात.

पण मला दिसतात ते त्या दुपारचे परब. ते थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, पळणार. ते पुरतं घाबरून घेत होते. मग त्यांनी चपला काढल्या, मागच्या रविवारी तिथेच पडलेला टेप उचलला आणि त्या घोळक्यादेखत दोरा ओलांडून चौकटीत शिरले. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मुकादमाने डोळे मिटले, उघडले. परबांना काही झालं नव्हतं. त्यांनी वाकून कातळ चाचपला, तळहात फिरवला आणि मगच बसले.

"काका," मुकादमाचा आवाज चिरकला, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

आणि परब, वर न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून गेले, "वाटते हो. पण याचा डावा पाय मोजायचा राहिलाय."