महाळुंग्याची उघडी नोंद

आमचं पिंपरीचं ऑफिस आणि महाळुंग्याचं गोदाम, दोघांचा डेटाबेस एकच. तिकडे कुणी मालाची नोंद दुरुस्तीला उघडली की त्यानं बंद करेपर्यंत ती लॉक, इकडे कुणाला हात लावता यायचा नाही. मग इकडचे सगळे माझ्या नावानं खडे फोडायचे. कोणती नोंद कुणी अडवलीय हे शोधणं माझं काम, आणि सापडायचे बहुतेक वेळा एकच, गोदामाचे स्टोअरकीपर. नोंद उघडी टाकून हे गृहस्थ खुशाल चहाला जाणार! मी फोनवर फैलावर घ्यायचे.

“भाऊ, कुठं होतात?”

“च्या प्यायला गेल्तो ताई. आत्ता बंद करतो बघा.”

आमची कधी भेट झाली नाही. पण त्यांच्या आईचं दुखणं, पोरीची दहावी, सगळं मला या फोनांवरच कळलं. माझे वडील गेल्यावर मी कामावर आले, त्या दिवशीही त्यांची नोंद अडली. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, “ताई, जेवलात का?” ऑफिसात हे कुणीच विचारलं नव्हतं.

यंदा कंपनीनं गोदाम परराज्यात हलवलं आणि तिथल्या माणसांना घरी बसवलं. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या नोंदी बंद करायच्या होत्या. माझ्या स्क्रीनवरच्या यादीत एकच लॉक उरला, त्यांचा.

“इथूनच तोडून टाका,” साहेब म्हणाले.

एका कमांडचं काम होतं, पण माझा हात होईना. मी फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

“भाऊ, आजही चहा?”

“न्हाई ताई. च्यावाला कवाच गेला. समदं रिकामं हाय इथं. आज मुद्दामच उघडी ठिवली. म्हनलं, तुमचा फोन येईल.”

मला रडू फुटलं. इतकी वर्षं ‘बंद करा, बंद करा’ म्हणून या माणसावर डाफरले, आणि आज तेवढंच तोंडातून निघेना. साहेब पाठीशी येऊन उभे राहिले होते.

“भाऊ,” मी कसंबसं विचारलं, “जेवलात का?”

ते म्हणाले, “जेवतो ताई, घरी जाऊन.”

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला, आणि समोरच्या यादीतून तेवढी त्यांची ओळ गेली.