जावयाची खुर्ची आणि स्वस्तातला लॅपटॉप

आमच्या घरात जावयाला खुर्ची देतात, ही गोष्ट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला माहीत नव्हती.

माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कंपनी परदेशातली आणि आम्ही अवसरी बुद्रुकचे. दोष द्यायचा कुणाला?

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.कॉम. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, स्वतः सातवीत शाळा सोडली, पण मला शिकवताना कधी हात आखडता घेतला नाही. याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. निकाल लागला त्या दिवशी ते पारावर जाऊन सांगून आले, "आता आमचं पोरगं खाली बसून काम करनार न्हाई. खुर्चीवर बसून करनार!" मंचरच्या एका पतसंस्थेत मला तशी खुर्ची मिळालीसुद्धा. अडचण एकच झाली. पदवी कशातली, हे गावात कुणी विचारलंच नाही. ग्रॅज्युएट म्हणजे सगळ्यातलाच ग्रॅज्युएट! विहिरीवरची मोटार जळाली की मला बोलावणं, टीव्हीला मुंग्या आल्या की मला बोलावणं. (मी जाऊन गंभीर चेहऱ्यानं मागची वायर हलवायचो. कधीकधी टीव्ही चालू व्हायचा. शिक्षणाचा उपयोग होतोच.)

त्यामुळे दाजींना लॅपटॉप घ्यायचा ठरला, तेव्हा तो कुणी निवडायचा यावर चर्चाच झाली नाही.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ओतूरला त्यांचा फोटो स्टुडिओ. माणूस सहा फूट उंच, मनानं लोण्यासारखा आणि मताचा लोखंडासारखा. रोलचा कॅमेरा जाऊन त्यांच्याकडे डिजिटल आला होता, पण लग्नाचे फोटो सजवायला पुण्याच्या लॅबवाल्याकडे पाठवावे लागत. हा लॅबवाला फार हौशी. एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या सख्ख्या मामाला कापून तिथं धबधबा बसवला. मामा अजून त्या घराची पायरी चढत नाहीत.

"आता बास!" दाजी म्हणाले. "फोटो आपुनच सजवायचं. लॅबवाल्यानं फकस्त छापायचं. तुमी शिकल्यालं हाये, पावणं. येक चांगला लॅपटॉप बगा. फोटोबी झालं पायजेत आन घरातलं कायबाय बी. आन लई महाग नको."

लॅपटॉपच का? तर ते लोडशेडिंगचे दिवस होते. साधा कॉम्प्युटर घेतला असता, तर नवरदेवाच्या डोक्यावर मुंडावळ्या बांधेपर्यंत लाइट गेली असती.

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. दुकानदार सभ्य होता. त्यानं विचारलं, "काम काय करणार?"

"फोटो एडिटिंग आणि घरगुती," मी ऐटीत म्हणालो.

"घरगुती म्हणजे?"

याचा मी विचार केला नव्हता. दाजींनी केला होता. "म्हातारीला भजनं ऐकायची हायेत. आवाज मोठा पायजे."

मग निवड सुरू झाली. मी प्रत्येक यंत्राची रॅम विचारत होतो आणि आकडा ऐकून "हं" म्हणत होतो. (आकडा मोठा असला तर चांगला का लहान, हे मला नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून 'हं' दोन्हीला चालेल असा ठेवला होता.) दाजींची पद्धत वेगळी. ते झाकण उघडून मिटून बिजागऱ्या तपासत होते आणि यंत्र हातावर तोलत होते.

"ह्यो लई हलका हाय. आत कायतरी कमी घातलंय."

शेवटी एक दणकट, वजनदार आणि स्वस्त लॅपटॉप दोघांनाही पसंत पडला. दुकानदार तेव्हा म्हणाला, "एक सांगू का? फोटोचं काम करणार असाल तर शेजारचा घ्या. थोडा महाग आहे, पण त्याची स्क्रीन चांगली आहे. हा घेतलात तर अगदी समोर, डोळ्यांच्या रेषेत बसून बघावं लागेल."

आम्ही काउंटरसमोर शेजारी शेजारी उभे होतो. दोघांनाही चित्र स्वच्छ दिसत होतं.

"समोर न्हाई तर काय मागं बसून बगनार?" दाजी हळूच माझ्या कानात म्हणाले.

"विकायच्या युक्त्या असतात, दाजी," मी म्हणालो. ग्रॅज्युएट होतो ना!

लॅपटॉप आधी अवसरीला आला, कारण तो चालवणार मी. आईनं झाकणाला हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. पहिलंच काम मोठं मिळालं होतं. ओतूरच्या बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी मोतीशेठ यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम! हे घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण दोन पिढ्या ओतूरला काढल्यामुळे शेठजी आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत. शेठजींच्या आई तो अल्बम घेऊन राजस्थानात जाणार होत्या, सगळ्या भाऊबंदांना दाखवायला.

"ह्यो अल्बम जमला तर पेठंतली समदी लग्नं आपली," दाजी म्हणाले. "आन फसला तर स्टुडिओला कुलूप लावायचं आन तुमच्या आण्णांसंगं कांदं लावायचं."

रविवारी सकाळी काम सुरू झालं. आमच्या घरात खुर्ची एकच. हातांची, वेताची. दाजी आले की ती झटकून त्यांना द्यायची, हा रिवाज. चौरंगावर लॅपटॉप, चौरंगापुढे जमिनीवर मी आणि माझ्या मागे खुर्चीवर सहा फुटी दाजी.

पहिला फोटो उघडला. भर दुपारचा मांडव, झगझगीत ऊन, नवरी हसतेय.

"पावणं, लई पांढरं झालंय," वरून आवाज आला. "पार चुना फासल्यावानी. उजेड कमी करा."

"चांगलं दिसतंय की, दाजी."

"कुटलं? नवरीचं नाक गायब झालंय! करा कमी."

मी उजेडाची पट्टी थोडी मागं सरकवली. "आता अंधारायला लागलंय हो."

"अंधार? आवो अजून पिठूर चांदनं पडल्यालं हाय. आनखी कमी करा!"

आई चहा घेऊन आली. मी म्हणालो, "आई, दाजींना जरा खाली माझ्याशेजारी बसू दे. जवळून दिसेल."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दाजींना उकिरड्यावर बसायला सांगितलंय! "जावई खाली बसत्यात व्हय रं? बी.कॉम. झालास पर वळान न्हाई आलं!"

"मग मी खुर्चीशेजारी उभा राहतो."

"जावयाच्या डोक्यावर हुभा ऱ्हातूस?"

विषय संपला. मग मी ठरवलं, की दाजी आयुष्यभर फोटोच काढत आलेत, नजर त्यांचीच खरी. माझे डोळे पतसंस्थेत आकडे बघून अधू झाले असणार. ते म्हणाले कमी, मी केलं कमी. काही रविवार असेच गेले. मला शेवटी शेवटी नवरी कुठली आणि नवरदेव कुठला, हे फेट्याच्या आकारावरून ओळखावं लागत होतं, पण वरून आवाज येई, "आत्ता कसं! झकास!"

फोटो पुण्याला गेले. लॅबवाल्यानं दाजींना फोन केला, "जरा डार्क वाटतायत. तसेच काढू का?"

दाजी अभिमानानं म्हणाले, "तसंच काढा. आमच्या ग्रॅज्युएट पावण्यानं केल्यात!"

अल्बम छापून आला तो मखमली पेटीत. दाजींच्या स्टुडिओचा एक नियम होता. पहिलं पान घरातल्या मोठ्या बाईनं उघडायचं, आधी कुणी बघायचं नाही. मीही त्या दिवशी ओतूरला गेलो. शेठजींच्या घरी सगळे बसलेले, मधे पेढे. शेठजींच्या आईंनी चष्मा लावला आणि पान उघडलं.

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"मोती," आजी म्हणाल्या, "वीज गेली होती का रे?"

मोतीशेठ पुढे सरकले. त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. मग जेवणावळीचं पान आलं. पाहुण्यांची भली लांब पंगत... आणि मिट्ट काळोख! त्यात फक्त वाढप्यांचे पांढरे सदरे तरंगत होते.

आजींच्या हातातला पेढा खाली पडला. सूर्य मावळला की त्या घरात पाण्याचा थेंबसुद्धा कुणी तोंडात घेत नाही. म्हणूनच तर लग्न भरदुपारी लावलं होतं!

"ही माणसं रात्री जेवली?" आजींनी विचारलं. "माझ्या घरच्या लग्नात? हे मी गावाकडे नेऊन दाखवू?"

"न्हाई न्हाई, आज्जी!" दाजी पुढे सरसावले. "दुपारच व्हती! ह्ये बगा ना, भिंतीवर घड्याळ हाय. येक वाजलाय!"

आजींनी घड्याळ निरखून पाहिलं आणि मटकन मागे टेकल्या. "रात्री एक वाजता जेवले!"

मोतीशेठनी शांतपणे अल्बम मिटला. चिडलेला माणूस परवडतो, शांत शेठ परवडत नाही. "दाजी," ते म्हणाले, (सगळी पेठ त्यांना दाजीच म्हणते), "आई रविवारी निघणार आहे. तोवर या लग्नात दिवस उजाडला तर ठीक. नाहीतर पेठेत कुणी विचारलं, तर मला खरं ते सांगावं लागेल."

आम्ही मान खाली घालून दाजींच्या घरी आलो. दाजींनी लॅपटॉप चौरंगावर ठेवला. आत दाजींच्या आई होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि लगबगीनं खुर्ची पुढे ओढली.

"या पावणं. सुनंचा भाऊ आमच्यात खुर्चीवर बसतो. तू सर रं खाली!" हे शेवटचं दाजींना.

दाजी सतरंजीवर बसले. मी खुर्चीवर. फोटो उघडला, तोच जेवणावळीचा. आणि मी थक्क झालो.

"दाजी! हा तर छान दिसतोय! पानातली भाजीसुद्धा दिसतेय. लॅबवाल्यानंच घोळ केला!"

खाली दाजी डोळे चोळत होते.

"दाजी?"

"पावणं," दाजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला काळंकुट्ट दिसतंय. माझं डोळं गेलं जनू."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतके रविवार जे वाक्य मी खालून म्हणत होतो, ते आज दाजी खालून म्हणत होते. आणि त्यांचं 'झकास' माझ्या तोंडी आलं होतं! मी हळूच खुर्चीवरून खाली बसलो. अंधार. उठलो. उजेड. दाजी उठले. उजेड! बसले. अंधार! खात्री करायला आम्ही दोघंही उठत-बसत राहिलो. डोळ्यांच्या रेषेत म्हणजे काय, ते दुकानदाराचं वाक्य मला त्या वेळी, साधारण अर्ध्या बैठकीत असताना, समजलं.

दाजींच्या आई दारातून बघत होत्या. सुनेला म्हणाल्या, "अगं, शेठजीनं शिक्षा केली वाटतं. लेकरं उठाबशा काढत्यात!"

ताई हसून हसून उंबऱ्यावरच बसली.

आता प्रश्न असा, की दोघांनी एका उंचीवर बसायचं कसं? पाहुणा खाली बसलेला दाजींच्या आईंना चालेना. दाजी अवसरीला खाली बसलेले माझ्या आईला चालले नसते. शेवटी ताईनंच तोड काढली. अंगणात बाज टाकली. बाजेवर पाहुणा काय, जावई काय, मधल्या खोलगट भागात दोघंही सारखेच घसरतात! तसे खांद्याला खांदा आणि कानाला कान लावून आम्ही पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. मी पतसंस्थेत आजारपणाची रजा टाकली. (खोटं नव्हतं. मान खरोखरच अवघडली होती.)

शनिवारी दाजी स्वतः पुण्याहून नवा अल्बम घेऊन आले. या वेळी नियम मोडून आम्ही तो आधीच बघितला. उन्हात, सावलीत, उभ्यानं आणि बसून.

आजींनी जेवणावळीचं पान डोळ्यांजवळ धरलं.

"मोती," त्या म्हणाल्या, "पानाच्या कडेचं मीठसुद्धा दिसतंय." आणि त्यांनी पेढा उचलून आधी दाजींच्या हातावर ठेवला.

त्या हंगामात पेठेतली लग्नं खरोखर दाजींकडे आली. यंत्र मात्र तेच राहिलं आणि बाजही. पुढे त्या लॅपटॉपवर फक्त म्हातारीची भजनं वाजू लागली, तेव्हा नवा घ्यायची वेळ आली. पुन्हा आम्ही दोघं, पुन्हा पुणे. दुकानातला माणूस नवा होता. तो रॅम सांगायला लागला, तसं मी त्याला हातानं थांबवलं आणि काउंटरसमोर फरशीवर मांडी घातली. दाजी शेजारच्या स्टुलावर चढून उभे राहिले.

"दिसतंय का, दाजी?"

"दिसतंय. तुमाला?"

"मलाही दिसतंय!"

दुकानदार काउंटरवरून वाकून माझ्याकडे बघत होता. जरा वेळानं त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, आपलं शिक्षण काय झालंय?"

आण्णांनी एवढ्या कौतुकानं खुर्चीवर बसायला शिकवलेला मी, फरशीवरूनच म्हणालो, "ग्रॅज्युएट."