अठरा घरांची काकवी

मी जर्मनीला निघालो तेव्हा वरवंडच्या चौकात माझं फ्लेक्स लागलं. ते एवढं मोठं होतं की सोलापूरकडं जाणारे दोन ट्रकवाले त्याच्या सावलीत जेवले, झोपले आणि ऊन उतरल्यावर पुढं गेले. मध्यभागी माझा फोटो आणि कडेनं शुभेच्छुकांचे एकवीस. त्यातल्या निम्म्यांना मी आजही ओळखत नाही. खुटबावला आमच्या वस्तीवरच्या विहारात निळा फेटा बांधून सत्कार झाला. प्रत्येक भाषणात मी थोडा थोडा वाढत गेलो. पहिल्या वक्त्यानं मला विद्यार्थी म्हटलं, दुसऱ्यानं संशोधक, तिसऱ्यानं शास्त्रज्ञ. चौथा बोलायला उठला असता तर त्या देशाचा कारभार माझ्या हाती देऊनच खाली बसला असता.

खरी गोष्ट लहान होती. शिरूरच्या कॉलेजात मी अन्नप्रक्रिया शिकत होतो. कॉलेजानं तिकडच्या एका शेतकी शाळेशी करार केला होता: त्यांची दोन पोरं वर्षभर इकडं, आमची दोन तिकडं. रोज चौफुला, न्हावरा, शिरूर असा एसटीचा खड्ड्यांतला प्रवास करून माझी हाडं इतकी खिळखिळी झाली होती, की विमान हललं तेव्हा सगळे घाबरले आणि मला न्हावरा आल्यासारखं वाटलं.

सत्काराला माझे वडील शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. कामावरून तसेच आले होते, सदऱ्याला गुळाचा वास. आप्पा गुळव्या आहेत. गुऱ्हाळ मालकाचं, ऊस मालकाचा, काहील मालकाची. पण उकळत्या काहिलीतला रस नेमका कधी गूळ झाला, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. आप्पा उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकतात, त्याची गोळी वळतात, ती काहिलीच्या काठावर मारतात आणि आवाज ऐकतात. मालकाकडं मोजमापाचं यंत्र आलंय. ते कपाटात आहे.

हे मला सगळं माहीत आहे ते लांबून बघून. जवळ त्यांनी मला कधी जाऊ दिलं नाही. आठ वर्षांचा असताना एकदा मी काहिलीत डोकावलो. आप्पांनी कान धरून मला थेट शाळेच्या पायरीपर्यंत नेलं आणि म्हणाले, "धूर दिसला की उलट्या दिशेनं चालायचं. ध्यानात ठेव." मी ते इतकं ध्यानात ठेवलं की चालत चालत जर्मनीला पोचलो.

तिकडं एका लहानशा गावात मला खोली मिळाली. थंडी अशी, की जानेवारीत दिलेली जांभई माझ्या तोंडात मार्चपर्यंत गोठून राहिली. घरमालक सत्तरी ओलांडलेले शेतकरी आजोबा. एकटेच राहायचे. ते इतकं कमी बोलायचे की सप्टेंबरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला ऑक्टोबरात मिळायचं. आणि मी कसा? शिरूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत नुसती वेळ विचारायला गेलो तरी अर्धा तास गप्पा मारून येणारा. त्या शांततेनं माझं डोकं भणभणायला लागलं. जे भांडं मोकळं दिसेल त्यात काहीतरी ओतत सुटावं, तसा मी बोलत सुटलो.

जेवणाच्या टेबलावर मी त्यांना सांगितलं, की आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. सांगितलं, की त्याचं धुराडं एवढं उंच, की पुण्याला उतरणारी विमानं वळसा घालतात. सांगितलं, की आम्ही सात पिढ्यांचे गुळवे, आणि मी तर डोळे बांधून काहील उतरवतो. आजोबा ऐकायचे. मान हलवायचे. ओळखीचं कुणी आसपास नसलं की माणूस स्वतःची नवी, झकपक आवृत्ती काढतो, तशी मी काढली. डोळे बांधायचं, विमानांचं, ते सगळं गमतीचं होतं, माझ्या गावात कुणीही ते ऐकून म्हणालं असतं, "व्हय व्हय, आन् इमानातला पायलट खाली वाकून रामराम करतो." पण 'आमचं स्वतःचं' हे दोन शब्द गमतीचे नव्हते. ते मी आवाज खाली करून बोललो होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी आजोबा मला गोठ्यामागच्या कोठारात घेऊन गेले. तिथं तांब्याचा एक प्रचंड हंडा पालथा घातला होता. एक म्हैस रेडकासकट आत बसली असती. त्यांनी सांगितलं, आणि मी त्यांना एका दमात एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, की दर वर्षी साखरेची बीटं निघाली की अठरा घरं एकत्र येऊन या हंड्यात बीटाचा रस आटवायची. घट्ट पाक व्हायचा. तो बरण्यांत भरून वर्षभर पावाला लावून खायचा. हंड्यावर त्यांचा थोरला भाऊ उभा राहायचा. कधी थांबायचं ते त्यालाच कळायचं. तो गेल्या हिवाळ्यात वारला. आता यंदापासून बंद.

"मी बघतो की," मी म्हणालो.

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला विहारातला चौथा वक्ता आठवला, जो उठला नव्हता. तो आता माझ्यातून उठला होता.

आजोबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हंडा उताणा केला आणि धूळ पुसायला लागले. त्यांच्या हाताची घाई बघून मीही फडकं घेतलं, पण तोंड उघडलं नाही. तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? मीही तेच म्हणतो. दोन आठवडे रोज सकाळी दात घासताना मी तेच म्हणत होतो.

ठरलेल्या शनिवारी पहाटे अठराही घरांतून माणसं आली. बीटं धुतली, चिरली, शिजवली, दाबून रस काढला. कोपऱ्यात, उकळून वाळवलेल्या काचेच्या बरण्यांची रांग. बेकरी चालवणारी एक बाई पाव आणि लोणी घेऊन आली होती, पहिला घास तिथंच खायचा म्हणून. मी हातभर लांब लाकडी डाव घेऊन हंड्यावर उभा. सगळे अधूनमधून माझ्याकडं बघायचे, जसं आपल्याकडं डॉक्टरकडं बघतात. दुपारचे दोन वाजत आले. रस तांबूस झाला, मग काळपट, मग बुडबुडे मोठे झाले. मला एवढंच कळत होतं, की काहीतरी जवळ आलंय आणि ते मला ओळखता येत नाही.

मी कोठाराच्या दाराशी जाऊन आप्पांना फोन लावला. तिकडं दिवे लागायची वेळ. मागं चरकाची घरघर.

"आप्पा, काहील उकळतीय. कधी उतरवायची?"

"कुणाची काहील?"

"हितली. बीटाचा रस हाय."

आप्पांनी तिकडं कुणाला तरी जाळ बघायला सांगितलं. मग मला म्हणाले.

"तुला धुरापासून लांब ठेवायचं म्हणून समिंदराच्या पल्याड धाडला. आन् तू तिथं जाऊनबी चुलीम्होरंच हुबा ऱ्हायलास व्हय रं?"

"अठरा घरांचा रस हाय, आप्पा. मी सांगितलंय, मला येतं म्हणून."

"येतं? कुणी शिकवलं?"

"कुणीच न्हाई."

हे मी टोमणा म्हणून बोललो नव्हतो. पण तो त्यांना लागला असावा, कारण पुढचं त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं. "जाळ कसला हाय?"

"लाकडाचा."

"दोन लाकडं मागं वढ. फोन भांड्याजवळ धर. मला तोंड नको दावू तुझं, आवाज ऐकू दे."

मी फोन हंड्याजवळ धरला. जमलेली माणसं गप्प झाली. खुटबावच्या गुऱ्हाळात उभा राहून आप्पा जर्मनीतली उकळी ऐकत होते.

"थेंब टाक पाण्यात. गोळी वळतीया का?"

"बोटाला चिकटतीय."

"मग थांब."

दुसऱ्यांदा गोळी वळली, पण हंड्याच्या काठावर मारली तर चपटी झाली. "मऊ हाय. थांब," आप्पा म्हणाले. तिसऱ्यांदा मारली. टण्ण! असा आवाज, की बेकरीवाल्या बाईनं दचकून मागं बघितलं.

"उतर! आत्ता!" आप्पा ओरडले. मराठी कुणाला येत नव्हती, पण सहा जणांनी जाळ ओढला आणि हंडा बाजूला घेतला. टाळ्या पडल्या. मी छाती एवढी फुगवली की कोठाराची भिंत जरा बाहेर सरकली असेल.

मग पाक बरण्यांत भरायला घेतला. पहिली बरणी भरली. दुसरी अर्धी भरली. तिसऱ्या बरणीला डाव हंड्यात उभा राहिला. चौथ्याला तो निघेना.

बेकरीवाली बाई लोणी लावलेला पाव हातात धरून उभी होती. पावावर ओघळेल असं हंड्यात काही उरलंच नव्हतं. आणि मला तेव्हा कळलं. या लोकांना काकवी पाहिजे होती. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या कितीतरी आधी काढून घेतलेला, धार धरून वाहणारा पाक. आणि मी आप्पांना नुसतं "कधी उतरवायची" एवढंच विचारलं होतं. गुळव्याला असं विचारलं तर तो गूळच करणार. आप्पांनी हजारो मैलांवरून, नुसत्या कानानं, बीटाचा गूळ पाडला होता. जगात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आणि अठरा घरांत वर्षभर पावाला लावायला काही राहिलं नव्हतं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आजोबांनी सुरीनं एक तुकडा खरवडला, चघळला, आणि विचारलं, "तुमच्या गुऱ्हाळात असंच करतात?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आमच्याकडं हीच राजेशाही पद्धत, पातळ पाक तर गरीब लोक खातात, तुम्हाला सवय नाही. त्यांनी ते मानलं असतं. माणसं सभ्य होती. एवढ्यात माझ्या हातातल्या फोनमधून आवाज आला, "कसा झाला रं? बसला का?"

"कोण?" आजोबांनी विचारलं.

"माझे वडील."

"मालक?"

आप्पांनी आता फोनचा कॅमेरा चालू केला होता. पडद्यावर आप्पा, बनियनवर, कपाळावर काजळी. आजोबा आणि मी बोलत होतो ती भाषा त्यांना कळत नव्हती. मी काहीही सांगितलं असतं तरी ते मान डोलवून हसले असते.

"नाही," मी म्हणालो. "ते कामाला आहेत. गुऱ्हाळ दुसऱ्याचं आहे. मला यातलं काही येत नाही."

थापा मारायला मला तिथली भाषा कायम अपुरी पडायची. हे तीन वाक्यांत झालं.

आजोबांनी आधी सुरी पुसून ठेवली. ते म्हणाले, "उद्या हातोडा घेऊन ये. अठरा वाटे करायचे. घरोघरी तू पोचवायचे, आणि काय झालं ते तू सांगायचं."

रविवारी मी हातगाडी घेऊन फिरलो. पहिल्या घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं, मान खाली घालून. तिथल्या म्हाताऱ्यानं तुकडा कॉफीत बुडवून बघितला आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी चहा मिळाला. बेकरीवाली म्हणाली, "यंदा पावाला जॅम लावू. पण आजोबांचा भाऊ असता तर तुला हंड्यात बुडवला असता." सहाव्या घरापासून माझी जीभ वळवळायला लागली. अकराव्या घरापर्यंत गूळ फोडताना तीन हातोडे मोडले होते, आणि सोळाव्या घरी तर शेजारच्या गावाहून लोहार बोलवावा लागला होता. लोक हसायचे. मीही हसायचो. पण आप्पांबद्दलचं वाक्य अठराही घरी तेवढंच राहिलं. ते वाढवता येत नव्हतं आणि कमी करावंसं वाटत नव्हतं. शेवटच्या घरी मला ते बोलताना आवाज खाली करावा लागला नाही, हे मला गाडी परत ओढताना लक्षात आलं.

दुपारी आप्पांचा फोन आला.

"लोकं काय म्हणाली?"

"आप्पा, त्यांना गूळ नको व्हता. काकवी पायजे व्हती."

"म्हंजी? पावाला लावायची?"

"व्हय."

"मग आधी बोलायचं की रं येड्या! म्या गूळ केला!" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "पण गूळ कसा झाला?"

"काळा. हातोडा लागला फोडायला."

"हातोडा लागला," आप्पा म्हणाले, आणि फोन तोंडापासून लांब नेऊन कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "पोरानं तिकडं गूळ पाडला! हातोडा लागला म्हनं!" पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं. मला ऐकू आलं नाही.

मग ते फोनवर परत आले.

"ऐक," ते म्हणाले. "काकवी करायची आसंल तर आवाजाच्या नादी लागायचंच न्हाई. डाव वर उचलायचा आन् धार बघायची. पहिल्यांदा धार पाण्यावानी पडती. तवा गप बसायचं. मग जवा ती..."

"थांबा, आप्पा. जरा सावकाश."

"लिवून घेतुयास व्हय?"

"व्हय."

"लिवून येत नसतं ते," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागले.